पेरणीपूर्वींचा वाटा

(दुष्काळ निवारण समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत, सदाशिव पेठ, पुणें येथें, समितीचे एक सभासद व व्यवसायानें वकील असलेल्या गृहस्थांनीं केलेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून अहवालांत छापिलें आहे.)



चिटणिसांनीं आतांच जो जमाखर्च वाचून दाखविला, त्यांतील एक गोष्ट आपल्या ध्यानीं आली असेल. आपल्या समितीचा एकूण एक पैसा पीक बुडाल्यानंतर खर्च झाला आहे. धान्य वाटलें तें पीक बुडाल्यावर, कडबा व पेंड पाठविली ती पीक बुडाल्यावर, आणि पाण्याचे टँकर गेले तेही विहिरींनीं तळ दाखविल्यावर. या खर्चांत वावगें कांहीं नाहीं. भुकेल्यापुढें पान मांडतांना कोणी वेळेचा हिशेब करीत नसतो. परंतु येत्या हंगामासाठीं जी सूचना मला आपणांपुढें ठेवावयाची आहे, ती निराळ्या जातीची आहे. समितीनें आपल्या निधीचा तिसरा हिस्सा मृगापूर्वीं, म्हणजे पाऊस पडेल कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नसतांना, पुरंदर तालुक्यांतील लहान शेतकऱ्यांच्या हातीं द्यावा. आणि तो दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणूनही नव्हे, तर त्यांच्या पिकांतील वाटा म्हणून द्यावा. कार्यकारी मंडळांत या सूचनेवर मतभेद झाला व तो अद्याप मिटलेला नाहीं, म्हणूनच ती आपल्या दरबारीं आली आहे.

पुरंदरच कां, हें प्रथम सांगतों. दिवे घाट चढून वर गेलें कीं हा तालुका सुरू होतो. म्हणजे तो आपल्या दाराशींच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर पोंचेतों बहुतेक सरून जातो, आणि पूर्वेकडे सरकावें तसा तो अधिकच विरळ होत जातो. कऱ्हा नदी वर्षांतून कांहीं महिने नदी असते व बाकीचे महिने वाळवंट असते. आपल्या बाजारांत सासवडकडचा वाटाणा, सीताफळें व अंजिरें येतात. अंजिरास तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या पेट्या पाहून तालुका सधन आहे असा समज होणें साहजिक आहे. पण अंजीर ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याचें. बाकीच्यांची बाजरी, आणि तीही देवाच्या हवालीं. २०२३ सालीं सरकारनें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पुरंदर होता आणि शेजारचा बारामतीही होता.

दुसरें कारण जुन्या दप्तरांतलें आहे. वकिलास जुने कागद चाळण्याची खोड असते, ती आपण घटकाभर सहन करावी. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें येथील बाजारांत शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे काढून जाळले. तेथून तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरलें. सरकारनें कमिशन नेमलें, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधिशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ रक्कम किती दिली व व्याज किती चढविलें हें पाहण्याची मुभा मिळाली. कायदा चांगला होता. पण त्यानें जुनें कर्ज तपासलें, नवें बीं कोठून आणावें या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. उलट, सावकार सावध झाले आणि कर्जरोख्याऐवजीं जमिनीचें खरेदीखतच लिहून घेऊं लागले.

ही उणीव ओळखून, न्यायखात्यांत काम करणारे व पुढें दोन वेळां राष्ट्रसभेचे अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्न यांनीं १८८२ च्या सुमारास शेतकी पेढीची योजना मांडली. प्रयोगासाठीं निवडलेला तालुका कोणता म्हणाल, तर पुरंदर. पुण्यांतील सावकार मंडळींपैकीं कांहींनीं तींत भांडवल घालण्याची तयारी दाखविली. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें ती उचलून धरली व १८८४ सालीं विलायतेस पाठविली. तेथें ती नामंजूर झाली. याच शहरांतील धनिक याच तालुक्यासाठीं थैलीचा बंद सोडावयास बसले होते, आणि तो सुटला नाहीं. मला ही हकीकत वाचतांना दर वेळीं हुरहुर वाटते.

त्यानंतर काय झालें तें आपण जाणतां. १८८३ व १८८४ सालीं तगाईचे कायदे झाले. परंतु तगाई हातीं पडेपर्यंत कचेरीच्या इतक्या खेपा पडत कीं पुष्कळदां पेरणीचा वाफसा निघून जाई. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. त्यावर जवळजवळ अर्धें शतक लोटल्यावर, १९५१-५२ सालीं रिझर्व्ह बँकेच्या वतीनें देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. आपले धनंजयराव गाडगीळ त्या पाहणीच्या समितींत होते. तींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यानें काढलेल्या कर्जापैकीं शेंकडा ३ च्या सुमारास सहकारी संस्थांकडून येतें आणि शेंकडा ७० च्या आसपास सावकाराकडून.

येथें मी जरा थांबतों, कारण माझ्या म्हणण्याचें मर्म येथें आहे. त्याच सुमारास, म्हणजे १९५०-५१ सालीं, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभारलेल्या प्रवरेच्या साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढें असे कारखाने महाराष्ट्रभर निघाले, आणि ऊस लावणाऱ्यास हंगामी कर्ज सुलभ झालें. याचें कारण ऊसवाला अधिक प्रामाणिक व बाजरीवाला कमी, असें नव्हे. कारण एवढेंच कीं, उसाला एक वेस आहे. सगळा ऊस कारखान्याच्या कांट्यावरून जातो, व तेथें बिलांतून बँकेचें देणें कापून घेतां येतें. बाजरीला अशी वेस नाहीं. ती थोडी घरीं खाल्ली जाते, थोडी आठवड्याच्या बाजारीं विकली जाते, थोडी बलुतेदाराला व लेकीबाळींना जाते. जें पीक कोणत्याच वेशींतून जात नाहीं, त्यावर कर्ज द्यावयास कोणी धजत नाहीं. म्हणून पाणी ज्याच्यापाशीं आहे त्याच्याकडेच पैसा गेला, व कोरडवाहू शेतकरी जेथल्या तेथें राहिला.

आज पीककर्ज आहे, पीकविमाही आहे, मग आपण मध्यें कशाला, असा प्रश्न मंडळांत आला. दोन्ही आहेत, व दोन्हींचा उपयोग होतो हेंही खरें. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर आज्याच्या वेळचीं बारा नांवें आहेत व वाटणी झालेली नाहीं, जो तोंडी बटाईनें दुसऱ्याची जमीन करतो, किंवा जिच्या नवऱ्याच्या पश्चात् वारसाची नोंदच झालेली नाहीं, त्यांस बँकेच्या पायरीवरूनच परतावें लागतें. विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवरून ठरते. आणि आपण शेतीवाडीचे धनी आहां, आपणांस ठाऊक आहे कीं पाऊस कधीं एका शिवारांत पडतो व बांधाच्या पलीकडे पडत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगतों, ती माझ्या मोठेपणाची नाहीं. वीस एक वर्षांपूर्वीं एका पक्षकारानें एका शेतकऱ्यास माझ्या कार्यालयांत आणलें. वैशाख सरत आला होता. शेतकऱ्यास बीं, खत आणि विहिरीवरील मोटारीची दुरुस्ती यांसाठीं रक्कम हवी होती. ती फार मोठी नव्हती. पक्षकार ती द्यावयास तयार होता, पण जमिनीच्या खरेदीखतावर. पैसे फेडले कीं जमीन परत लिहून देईन, असें त्यानें तोंडानें सांगितलें. परत देण्याची अट त्याच दस्तांत नसेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाहीं, असा १९२९ सालच्या दुरुस्तीपासून कायदा आहे. हें मला पाठ होतें आणि त्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें. मी पक्षकाराचा वकील होतों, त्याचा नव्हे, अशी मनाची समजूत घालून मीं मसुदा केला. तो कायद्यानें निर्दोष होता. पुढचीं दोन वर्षें पाऊस चुकला. आज तो मनुष्य या शहरांतील एका इमारतीच्या दारावर रखवाली करतो, व मी दिसलों कीं उठून नमस्कार करतो. २०१४ सालीं सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला, आणि अवैध सावकारींत गेलेली जमीन परत मिळविण्याची सोय त्यांत पंधरा वर्षांच्या मुदतीची आहे. मीं त्यास अर्ज करण्यास सांगितलें. तो म्हणाला, "साहेब, आतां कसणार कोण? पोरं इथंच लागलीं." बियाण्याच्या मोसमांत जी रक्कम न मिळाल्यानें जमीन गेली, तिच्या कित्येक पट खर्च आपण पुढें अशाच एखाद्या कुटुंबावर धान्याच्या रूपानें करतों, आणि तो मनुष्य तरीही पुन्हा शेतकरी होत नाहीं.

तर मग पेरणीच्या वेळीं पैसा द्यावा कसा? उधारीचें धान्य खेड्यांत नवें नाहीं. सवाईनें घेतलें तर चार पायल्यांचे पांच पायली, दिढीनें घेतलें तर सहा, पीक येवो वा न येवो. येथें बसलेल्या व्यापारी बंधूंस उचल हा शब्दही नवा नाहीं. अडत्या हंगामाच्या आरंभीं उचल देतो आणि माल आपल्याच गाळ्यावर यावा अशी अपेक्षा ठेवतो. नडलेल्याची अडवणूक न करणारे अडते मीं पाहिले आहेत. पण पीक बुडालें तर माझी उचलही बुडाली, असें म्हणणारा मीं पाहिला नाहीं, आणि तशी अपेक्षा त्याजकडून करतां येत नाहीं. तो त्याचा धंदा आहे. याच्या उलट, इर्जिक घालून एकमेकांचें शेत नांगरण्याची रीत आपल्या कुणब्यांतच आहे. तींत कोणी मजुरी मागत नाहीं, जेवण मात्र घालावें लागतें. नुकसानीचाही भागीदार होणारा सोबती इर्जिकेंत असतो, उचलींत नसतो. आपल्या सूचनेंत शहरानें पैशाची इर्जिक घालावी एवढेंच मागणें आहे.

परदेशांतही हा मार्ग चोखाळलेला आहे. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत ग्राहकांच्या मंडळांनीं, त्यांत गृहिणीच पुष्कळ, शेतकऱ्यांशीं बोलणें करून त्यांचें पीक आधींच बांधून घेण्याची रीत पाडली; तिला ते 'तेइकेइ' म्हणतात. अमेरिकेंत १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या संस्थानांतील दोन शेतांवर आसपासच्या कुटुंबांनीं हंगामापूर्वीं वाटे घेतले, व पुढें ती रीत तिकडे बरीच पसरली.

पण आपणांस इतकें दूर जावयास नको. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकीं वडील मंडळींनीं पाहिला आहे. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यभर सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होतीं. स्वतःच्या नांवावर जमीन असलेले त्यांत थोडे नव्हते. तें दृश्य पाहून पुण्याचे एक कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें गेले. त्यांनीं देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेतली, ताली घातल्या, पाणी अडविलें, विहीर काढली, आणि पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिचे नियम व्यापाऱ्याच्या चोपडीइतके नेमके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत नव्हे, माणसांच्या प्रमाणांत: माणशीं अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं, पंचायतीकडे परत येतो. भूमिहीनासही पाण्याचा वाटा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः घालावयाचा. निम्मा सरकारी साहाय्यांतून व उरलेला संस्थेच्या बिनव्याजी उसनवारींतून. साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांच्या सगळ्याच योजना टिकल्या असें नाहीं. परंतु कोरडवाहू माणसास हिशेब कळत नाहीं हा शहरी समज त्यांनीं कायमचा खोटा पाडला.

त्या नियमांवर बेतलेली आपली योजना अशी आहे. एक वाटा ५,००० रुपयांचा. तो अर्ध्या एकराच्या खरिपास लावावयाचा. निम्मी रक्कम रोहिणी नक्षत्रांत, बीं, खत व नांगरटीसाठीं. पाव रक्कम खुरपणीच्या वेळीं, कारण मजुरीवांचून तण राहतें आणि तें पिकाचा घास घेतें. उरलेली पाव काढणी-मळणीच्या वेळीं, म्हणजे खळ्यावरचा माल घाईनें पडत्या भावानें विकावा लागणार नाहीं. पिकाचा तिसरा हिस्सा वाटेकऱ्याचा, दोन हिस्से कसणाराचे. दर दहा वाट्यांमागें एक वाटा भूमिहीन कुटुंबास द्यावयाचा, त्यानें गांवांतील पडीक जमीन बटाईनें करावी. वाटे कोणास द्यावेत हें गांवची पंचमंडळी देवळांत, सर्वांसमक्ष ठरवील व हिशेबही तेथेंच वाचला जाईल. धान्य दिवाळीच्या आधीं आपल्या घरीं पोंचेल. बाजरीस जी वेस नव्हती, ती आपलीं घरें होतील.

हिशेबी गृहस्थांस आधींच सांगून ठेवतों कीं, बाजारभावानें पाहिलें तर आपल्या रकमेइतकें धान्य आपणांस बहुधा मिळणार नाहीं. चांगल्या सालीं जवळपास जाईल, मध्यम सालीं निम्म्यावर येईल, आणि पाऊस चुकला तर एखादी पायली पोंचेल किंवा तीही नाहीं. त्या वेळीं शेतकऱ्याकडे कांहीं मागावयाचें नाहीं. हें ज्यांस मान्य नसेल त्यांनीं वाटा घेऊं नये, पूर्वींप्रमाणें दान द्यावें. समिती तें आदरानें घेईल.

कायद्याच्या बाजूनें दोनच शब्द. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यास १९४८ च्या कुळकायद्याची आडकाठी आहे. म्हणून वाटा पिकांत आहे, जमिनींत नाहीं, व सातबाऱ्यास कोठेंही हात लागत नाहीं. तसेंच ठराविक परताव्याचें वचन देऊन लोकांकडून रकमा गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्यानें कडक निर्बंध घातले आहेत, आणि ते योग्यच आहेत. म्हणून करारांत व्याज हा शब्द नाहीं, मुदत हा शब्द नाहीं. वाटेकरी येणाऱ्या पिकाचा हिस्सा आगाऊ विकत घेतो आणि पीक न आल्यास त्याचा हक्क संपतो, असें मराठींत, शेतकऱ्यास वाचून कळेल अशा शब्दांत, दोन पानांत लिहिलें आहे. माझ्या आजवरच्या मसुद्यांत इतका आंखूड दुसरा नाहीं.

मंडळांतील एका वडील सभासदांचा आक्षेप असा होता कीं, दान करावें आणि मोकळें व्हावें. वाटा घेतला कीं व्यवहार आला, व्यवहार आला कीं भांडण आलें. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे. मला इतकेंच वाटतें कीं, दान दिलेला मनुष्य पुढें विचारीत नाहीं. वाटा घेतलेला मनुष्य भाद्रपदांत विचारतो, बाजरी निसवली का? तो प्रश्न घेऊन आपण एकदां घाट चढून गेलां, तर दुष्काळाची बातमी वर्तमानपत्रांत येण्याच्या दोन महिने आधीं आपणांस ती बांधावर कळेल.

दुसऱ्या आक्षेपाला मजपाशीं गोड उत्तर नाहीं. निधीचा तिसरा हिस्सा आधींच गुंतविला आणि यंदाच दुष्काळ पडला, तर तितके टँकर कमी जातील, तितका कडबा कमी जाईल. हें खरें आहे. ज्या गांवास वाटा मिळाला नाहीं त्या गांवची गुरें त्याची किंमत देतील. मीं हा विचार बरेच दिवस मनांत घोळविला, आणि शेवटीं त्यावर एकच उपाय मला सुचला: निधीस हात लावावाच लागूं नये. आज या सभेंत जितके वाटे नोंदले जातील, तितकी रक्कम निधींतून कमी काढावी लागेल. २०० वाटे भरले, तर संकटाच्या वेळचा निधी संपूर्ण शाबूत राहतो व मंडळांतील वादही उरत नाहीं. न भरले, तर मतास टाकून निर्णय करावा लागेल. आणि त्या वेळीं माझें मत कोणत्या बाजूस पडेल हें मीं सांगितलेंच आहे, पण हात वर करतांना तो जड असेल.

ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांनीं वाट्याबरोबर एखादी बैलजोडी वा ट्रॅक्टर नांगरटीपुरता दिला तरी तो वाट्यांत धरला जाईल. भुसारवाल्यांनीं उगवण तपासलेलें बीं खरेदीच्या भावांत मिळवून द्यावें, अशी त्यांस विनंती आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत नांवें घेतलीं जातील, म्हणजे रोहिणीपूर्वीं गांवांत पैसा पोंचविण्यास अवधि राहील. नोंदवही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे व खजिनदार तेथें बसले आहेत. पहिल्या पानावर गांवाच्या नांवाची जागा कोरी आहे. गांवकऱ्यांची सभा होऊन त्यांनीं योजना पत्करली म्हणजे ती भरली जाईल. तिच्या खालीं दोन वाटे माझ्या नांवें आहेत.